सागरतळाची खूण कागदावर उतरविणारे केल्विन

ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून राणी व्हिक्टोरिया यांचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे रवाना झाला. तो पोहोचण्यास तब्बल १६ तास लागले. एवढे अंतर कापून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे, की त्याची चाहूल लागणेच मुश्कील होते. ही चाहूल टिपण्याचे आणि पुढे तिची नोंद आपोआप कागदावर उमटविण्याचे श्रेय विल्यम थॉमसन यांचे. जग त्यांना लॉर्ड केल्विन या नावाने ओळखते.

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे झाला. मातृछत्र लहानपणीच हरपले. गणिताचे अध्यापक असलेल्या वडिलांनी मुलाला घडविले. वयाच्या दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश, त्यानंतर केंब्रिज आणि २२ व्या वर्षी ग्लासगोतच प्राध्यापकपद, अशी त्यांची वाटचाल होती. हे पद त्यांनी १८९९ पर्यंत भूषविले.

अटलांटिक तारेच्या कामात त्यांचा खटका उडाला तो कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाऊस यांच्याशी. तारेत प्रचंड दाब सोडावा, असा व्हाइटहाऊस यांचा आग्रह होता. दाब कमी ठेवून टिपणारे उपकरण अधिक संवेदनशील करावे, असे थॉमसन यांचे म्हणणे होते. व्हाइटहाऊस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला आणि आधीच सदोष असलेली तार सप्टेंबरमध्ये मुकी झाली. लाखमोलाची तार गमावल्यावर थॉमसन यांचा मार्ग मान्य झाला. १८६६ मध्ये नवी तार यशस्वी झाली आणि त्यांना 'सर' किताब मिळाला.

थॉमसन यांच्या उपकरणात तारेच्या वेटोळ्यामध्ये रेशमी धाग्याला चिमुकला आरसा टांगलेला असे. आरशामागे बारीक चुंबक. प्रवाह येताच आरसा किंचित वळे आणि दिव्याचा परावर्तित ठिपका पट्टीवर डावी-उजवीकडे सरके. अंधाऱ्या खोलीत एक कारकून ठिपका पाहून अक्षरे सांगे, तर दुसरा ती लिहून घेई. मात्र डोळा चुकला, तर ती चूक पडताळण्यास काहीच उरत नसे.

ही उणीव १८६७ मधील 'सायफन रेकॉर्डर'ने भरून काढली. शक्तिशाली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगलेले हलके वेटोळे प्रवाहासरशी हले आणि त्याला जोडलेली केसासारखी काचनळी सरकत्या कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटवी. घर्षणाने हालचाल अडू नये, म्हणून नळी कागदाला टेकतही नसे. विद्युतभारामुळे शाईच कागदावर उडे. आता संदेश पुन्हा वाचता येऊ लागला. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि मुंबई लंडनशी सागरी तारेने जोडली गेली. अशा लांब सागरी तारांवर पुढे हेच उपकरण रूढ झाले.

निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी त्यांनी १८४८ मध्येच मांडली होती. मात्र मोजमापाचा हा उपासकही चुकला. पृथ्वीचे वय त्यांनी अखेरीस दोन ते चार कोटी वर्षे ठरविले. प्रत्यक्षात ते सुमारे ४५० कोटी आहे. त्यांचे गणित चोख होते, गृहीतक अपुरे होते.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी उपाधीसाठी निवडले. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटन यांच्याशेजारी ते विसावले आहेत.

आज प्रयोगशाळेतील डिजिटल मल्टिमीटरला दूरच्या संगणकावरून आज्ञा मिळते. तो विद्युतदाब मोजतो आणि शेकडो आकडे स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतो. तेथे ना कागदी पट्टी, ना शाई. तरीही मापनाची नोंद माणसाच्या थकलेल्या डोळ्यावर विसंबू नये, हा केल्विन यांचा ध्यास त्या आकड्यांमागे कायम आहे.