गोदाकाठी आलेले गुरू गोविंदसिंग, त्यांची शस्त्रं आणि गंजाशी चाललेली तीनशे वर्षांची लढाई

पावसाळा भरात आला की मराठवाड्यात एक बातमी हमखास येते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले. मग गोदावरीचं पाणी नांदेडच्या घाटांना लागतं आणि हवेत इतकी ओल भरते की रात्री धुऊन तशीच ठेवलेली विळी सकाळी तांबूस झालेली दिसते.

याच शहरात, याच नदीपासून जवळ, तीनशेहून जास्त वर्षं जुनी शस्त्रं जपून ठेवली आहेत. सचखंड श्री हजूर साहिब या तख्तात असलेल्या या शस्त्रांमध्ये तलवारी, खंजीर, दोन धनुष्यं, बाण आणि पोलादी ढाल यांच्यासोबत एक तोड्याची बंदूकही सांगितली जाते. ही शस्त्रं शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांची. विष्णुपुरीत १९८१ साली सुरू झालेली अभियांत्रिकी संस्था त्यांच्याच नावाची आहे.

विळी एका रात्रीत गंजते, मग हे लोखंड इतके पावसाळे कसं टिकलं? याचं उत्तर शोधायचं तर आधी गुरूंचं आयुष्य बघावं लागतं. कारण त्यांच्या आयुष्यात लोखंड पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

नवव्या वर्षी गादी

गोविंदराय यांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटण्यात झाला. वडील गुरू तेगबहादूर हे शिखांचे नववे गुरू. १६७५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या हुकमानं दिल्लीत त्यांचा शिरच्छेद झाला आणि गुरूपदाची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलावर आली.

या मुलाला फारसी शिकवली गेली, काव्य शिकवलं गेलं आणि घोडा, तलवार, धनुष्यही शिकवलं गेलं. १६८५ च्या सुमारास ते यमुनेकाठी पाऊंटा इथं राहायला गेले. तिथं एकीकडे कवींचा दरबार भरायचा, दुसरीकडे जंगलात शिकार चालायची. 'बिचित्र नाटक' या ग्रंथात या काळातल्या शिकारीचं वर्णन येतं. त्यात अस्वलं आहेत, नीलगाई आहेत.

त्या काळात शिकार हा नुसता शौक नव्हता. घोडा उधळू न देणं, वारा बघून नेम धरणं, दहा माणसांनी न बोलता जनावराला घेरणं, ही सगळी लढाईचीच तालीम होती. ती लवकरच कामी आली. १६८८ मध्ये भंगाणीला डोंगरी राजांशी लढाई झाली. १६९१ मध्ये नादौनची लढाई झाली. नादौनच्या वर्णनात गुरूंनी स्वतः बंदूक हाती घेतल्याचा उल्लेख 'बिचित्र नाटक'मध्ये येतो.

तोड्याची बंदूक इतकी का गंजायची?

तोड्याच्या बंदुकीत घोडा ओढला की जळती वात खाली येते. ही वात म्हणजे शोऱ्यात भिजवलेली दोरी, तिला जामगी असंही म्हणतात. नळीच्या बाजूला छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. कानाशी ठेवलेल्या बारीक दारूला, म्हणजे रंजकीला, वातीचा विस्तव लागला की आतला बार उडतो.

खरी अडचण बार उडाल्यानंतर सुरू होते. जुनी काळी दारू शोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती जळाली की तिचा निम्म्याहून जास्त भाग धुरात जात नाही. तो काळपट क्षार होऊन नळीत आणि कानाशी चिकटतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणजे बंदूक कोरड्या जागी ठेवली तरी नळीच्या आत ओल तयार होते.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर हे काम आणखी झपाट्यानं होतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, भुसभुशीत होतो आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवतो. त्यामुळे एकदा लागलेला गंज खालच्या लोखंडाचं रक्षण करत नाही, उलट तो आणखी खोल जातो.

म्हणून काळी दारू वापरणारे लोक नळी चक्क गरम पाण्यानं धुतात. ऐकायला उलटं वाटतं, पण क्षार पाण्यातच विरघळतात, नुसत्या तेलात नाही. पाणी गरम असल्यामुळे नळी तापते आणि लवकर वाळते. मग गजाला चिंधी गुंडाळून आतून पुसायचं आणि शेवटी तेलाचा हात फिरवायचा. शिकार झाली, सगळे दमले, तरी हे काम दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही.

लोखंडाला मिळालेला मान

१६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात गुरूंनी खालसा पंथाची स्थापना केली. त्या दिवशी अमृत तयार झालं ते लोखंडी भांड्यात, दुधारी खंड्यानं ढवळून. खालशाच्या पाच ककारांपैकी दोन धातूचे आहेत, कडं आणि कृपाण. गोविंदराय त्या दिवसापासून गोविंदसिंग झाले.

सोनं-चांदी सोडून लोखंडाला मिळालेला हा मान साधा नव्हता. लोखंड शेतकऱ्याच्या घरात असतं, लोहाराच्या हातात असतं. पण सोन्यासारखं ते पेटीत ठेवून विसरता येत नाही. ते रोज वापरावं लागतं नाही तर रोज पुसावं लागतं. आनंदपूरच्या एका किल्ल्याचं नावच लोहगढ होतं आणि तिथं शस्त्रं घडवली जात असं सांगतात.

याच काळाशी जोडलेली आणखी एक आठवण महाराष्ट्रातल्या वाचकांच्या ओळखीची आहे. हत्यारं घासून, धार लावून झळाळी देणारा तो शिकलगार. सैकल म्हणजे झळाळी, त्यावरून हा शब्द आला. महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची घरं आहेत, शिकलकरी शिखांच्या वस्त्याही आहेत. आपल्याला हे नाव गुरू गोविंदसिंगांनी दिलं, अशी आठवण या शीख समाजात सांगितली जाते. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यानं हत्यारांचा धंदा आक्रसला. मग यातले अनेक हात कुलपं, किल्ल्या, बादल्या आणि चाकू-सुऱ्यांकडे वळले.

सगळं गेलं, तेव्हा

१७०४ च्या डिसेंबरात लांबलेल्या वेढ्यानंतर गुरूंना आनंदपूर सोडावं लागलं. वाटेत सरसा नदीला पूर होता. त्या पुरात माणसं गेली, सामान गेलं, कित्येक हस्तलिखितं वाहून गेली. थोरले दोन मुलगे अजितसिंग आणि जुझारसिंग चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग सरहिंदच्या वजीर खानाच्या हाती लागले आणि त्यांना ठार करण्यात आलं. आजी माता गुजरी यांचाही तिथंच अंत झाला.

एवढं होऊनही गुरूंनी औरंगजेबाला फारसीत एक पत्र लिहिलं, ते 'जफरनामा' म्हणून ओळखलं जातं. बादशहा तेव्हा दख्खनमध्ये होता. त्याला भेटायला गुरू दक्षिणेकडे निघाले, पण वाटेतच बातमी आली. १७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला होता.

पुढं बादशहा झालेल्या बहादूरशहासोबत गुरू दख्खनकडे आले आणि १७०८ च्या पावसाळ्यात त्यांचा मुक्काम नांदेडला पडला.

नांदेडचे शेवटचे दिवस

नांदेडमध्ये शिकार घाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरूंनी तिथं शिकार केली अशी परंपरा आहे. गोदावरीच्या काठीच त्यांची भेट माधोदास बैराग्याशी झाली. हा बैरागी पुढं बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि त्यानं सरहिंद जिंकलं.

त्याच दिवसांत एका पठाणानं मुक्कामात शिरून गुरूंवर खंजिराचा वार केला. जखम शिवली गेली, भरतही आली होती. परंपरेनुसार एक ताठ धनुष्य ओढताना टाके तुटले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गुरूंनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी पुढचा गुरू म्हणून कुणा माणसाचं नाव घेतलं नाही, गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं. तिथी होती कार्तिक शुद्ध पंचमी. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

जिथं त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तिथं महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू बांधून घेतली. शस्त्रं तिथंच राहिली.

गंज काढायचा, पण किती?

जुन्या शस्त्राचं सगळ्यात जास्त नुकसान दोन प्रकारची माणसं करतात. एक जो कधीच पुसत नाही, आणि दुसरा जो एका दिवसात चकाचक करायला बसतो. सँडपेपर फिरवला की गंजासोबत लोखंडही जातं, आणि त्याबरोबर नक्षी, अक्षरं, कारागिराची खूणही जाते. गेलेलं लोखंड परत येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली, तरी कित्येक घरांत परवान्याची जुनी शिकारी बंदूक आजही आहे. तिच्यासाठी नियम तेच. आधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. गंज वरवरचा असेल, म्हणजे बोटाला तांबूस भुकटी लागत असेल, तर त्या जागी हलकं तेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं. मग पितळी किंवा अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हातानं फिरवायचं, पुसायचं, बघायचं आणि गरज असेल तरच पुन्हा फिरवायचं. खड्डे पडले असतील तर गंज खोल गेला आहे, तिथं जाणकार कारागीरच हवा.

विळीला चालणारी चिंच किंवा लिंबू इथं चालत नाही. नव्या बंदुकीच्या नळीवरचा निळसर काळा मुलामा आंबट पदार्थानं निघून जातो आणि उघडं पडलेलं लोखंड आणखी लवकर गंजतं.

गंज येऊच नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. हात लागला की पुसायचं, कारण घामात मीठ असतं. तेलाचा थर पातळ ठेवायचा, जाड थरावर धूळ बसते. चामड्याच्या किंवा मखमली म्यानात महिनोन्महिने ठेवायचं नाही, कारण ते ओल धरतं. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून बघायचं.

दिवाळीच्या आधीची सफाई

मराठी घरांत खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ घासून पुसून पूजेला लावतात. नांदेडला दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी गागरींतून आणलं जातं, तख्त धुतलं जातं आणि गुरूंच्या शस्त्रांची सफाई होते.

हे दोन्ही दिवस पावसाळा नुकताच सरल्यावर येतात. चार महिन्यांची ओल लोखंडात मुरलेली असते आणि पुढं कोरडी हवा असते. गंज वरवरचा असतानाच तो पुसायला वर्षातली याहून सोयीची वेळ नाही. खोल जाऊ दिला तर तो पुसून निघत नाही, घासावा लागतो, आणि घासताना लोखंड जातं.

ही शस्त्रं गंज न धरणाऱ्या कुठल्या जादूच्या धातूची असायची गरज नाही. दरवर्षी ती कुणीतरी हातात घेतो, बघतो आणि पुसतो. पुढच्या पावसाळ्यानंतरही ते काम पुन्हा करावं लागणार आहे.