सावलीतून सूर्य शोधणारे भास्कराचार्य

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव विसाव्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस येते. त्यामुळे तेथे वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही नेमका माथ्यावर येतो आणि सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या उत्तरार्धात, पुन्हा जुलै सरता सरता. दुसऱ्या खेपेस आभाळ भरलेले असल्याने ती गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सावली एक आणि दिवस दोन, हे कोडे ज्या गणिताने उलगडते, त्याला आपल्या मुलखात प्रौढ रूप दिले ते भास्कराचार्यांनी.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते आजचे कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला आणि जवळजवळ सत्तरीत, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ रचला. ‘लीलावती’मुळे ते घरोघरी पोहोचले, परंतु त्यांच्या बुद्धीची खरी झेप पाहायची तर ‘ज्योत्पत्ती’ हे छोटे प्रकरण वाचावे. दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत तेथे आहे आणि अठरा अंशांची ज्याही वर्गमुळाच्या साह्याने दिली आहे.

त्रिज्या ३४३८ कला धरली, तर १७१९ ही ज्या कोणत्या चापाची? तीस अंशांची, हे उत्तर चटकन येते. मात्र ज्या नव्वद अंशांपर्यंत वाढते आणि पुढे उतरू लागते; म्हणून दीडशे अंशांनाही ती तेवढीच भरते. या दोहोंत ३६० अंशांचे फेरे हवे तितके मिळवा वा वजा करा, की सारी उत्तरे हाती येतात. शाळेतली मुले तीस लिहून थांबतात आणि दोन गुण गमावतात. ज्योतिष्याला तसे थांबून चालत नसे.

मध्यान्हीच्या सावलीवरून त्याला सूर्याची क्रांती कळे. तिच्या ज्येला त्रिज्येने गुणून परमक्रांतीच्या ज्येने भागले, की सूर्याच्या स्थानाची ज्या मिळे. तिचा चाप नव्वदाच्या आतच येणार. सूर्य पहिल्या पदात असेल तर चाप तसाच घ्यायचा. दुसऱ्यात असेल तर १८० अंशांतून वजा करायचा, तिसऱ्यात १८० मध्ये मिळवायचा, चौथ्यात ३६० मधून वजा करायचा. पद कोणते, हे सावलीची दिशा, तिची लांबी आणि ती रोज वाढते की घटते, यावरून ठरे. फुलसावंगीच्या बाबतीत, आजची परमक्रांती धरून, वसंतसंपातापासून सुमारे ५८ आणि १२२ अंश अशी दोन उत्तरे निघतात. त्यांत दोन महिन्यांचे अंतर आहे: एका वेळी शेत उन्हात पडीक, दुसऱ्या वेळी कपाशी हिरवीगार. नुसत्या ज्येला हा फरक कळत नाही. गोलाध्यायासारख्या गणिती ग्रंथात भास्कराचार्यांनी ऋतुवर्णनालाही जागा दिली आहे, हे येथे आठवते.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होते आणि नातू चांगदेव सिंघणाच्या. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. त्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.