इतिहासकार मार्क ब्लॉक

थोर फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांचा जन्म १८८६ साली लियाँ येथे झाला. १९२९ मध्ये ल्यूसियाँ फेव्र यांच्यासह ‘आनाल’ नियतकालिक काढून त्यांनी राजेरजवाड्यांच्या पलीकडील समाजजीवनाला इतिहासात स्थान दिले. सहा मुलांचे वडील असूनही १९३९ मध्ये ते स्वेच्छेने युद्धावर गेले. फ्रान्सच्या पराभवानंतर त्यांचा पॅरिसमधील ग्रंथसंग्रह जर्मनांनी लुटून नेला. हाताशी ग्रंथ नसतानाही त्यांनी इतिहासकाराच्या कार्यावर पुस्तक लिहावयास घेतले. परंतु १९४३ मध्ये लेखणी बाजूस ठेवून ते लियाँच्या भूमिगत लढ्यात उतरले. मार्च १९४४ मध्ये नाझींनी त्यांना पकडून अनन्वित छळ केला व १६ जून रोजी गोळ्या घातल्या. ते अपुरे पुस्तक फेव्र यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याचा ग्रंथसंग्रह हिरावला गेला, त्याचे ते पुस्तक आज देशोदेशींच्या ग्रंथालयांत वाचले जाते.