जवळच्या वाटेचा शोध

नांदेडहून लातूरला जाण्याच्या वाटा अनेक आहेत. लोहा, अहमदपूर या गावांवरून जाता येते. मुखेड, उदगीर असा वळसा घालूनही जाता येते. आगगाडीने निघालो तर पूर्णा, परभणी, परळी असा लांबचा फेरा पडतो. जवळची वाट आपल्याला माणसे सांगतात. यंत्राला ती कोण सांगणार? याचे उत्तर एड्सगर डायक्स्ट्रा यांनी शोधले.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते, आई गणिती. १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत संगणकाचे प्रोग्राम लिहू लागले. हा व्यवसाय तेव्हा लोकांना ठाऊकच नव्हता. १९५७ साली विवाहाच्या नोंदणीत त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला, तर कचेरीने तो मान्य केला नाही! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

१९५६ साली संस्थेचा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता. त्यासाठी सर्वांना समजेल असे उदाहरण हवे होते. एके दिवशी बाजारात फिरून थकलेले डायक्स्ट्रा आपल्या नियोजित वधूसोबत कॉफी पीत बसले होते. तेथेच, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत त्यांना युक्ती सुचली. निघण्याच्या गावापासून सर्वांत जवळचे गाव आधी पक्के करायचे. मग पक्क्या गावांतून पुढे पाहायचे आणि निघाल्यापासूनचे एकूण अंतर ज्याचे सर्वांत कमी, ते गाव पक्के करायचे. मुक्कामाचे गाव पक्के झाले की थांबायचे. अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द बगदादचे थोर गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे.

हॉलंडच्या ६४ शहरांच्या नकाशावर ही रीत दाखवली गेली. छापून यायला मात्र १९५९ साल उजाडले.

पुढे संगणकांची जाळी पसरली. त्यांत संदेशांना वाट दाखवणाऱ्या यंत्राला राऊटर म्हणतात. आरंभी राऊटर शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबत. एखादी तार तुटली तरी दोन शेजारी एकमेकांकडेच बोट दाखवत आणि संदेश त्यांच्यामध्ये घुटमळत राही. म्हणून १९७९ साली अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्यात नवी पद्धत आली. ती इतरांनी रचली, पण तिचा पाया डायक्स्ट्रांच्या रीतीचा होता. प्रत्येक राऊटर फक्त स्वतःपुरती खबर देतो : माझे शेजारी कोण आणि त्यांच्यापर्यंतची वाट किती खर्चाची. खबरेवर क्रमांक असतो. जो ती ऐकतो तो जशीच्या तशी पुढे पाठवतो. जुन्या क्रमांकाची खबर टाकून देतो. अशा रीतीने सर्वांजवळ एकच नकाशा तयार होतो आणि प्रत्येक जण आपली वाट आपणच काढतो. समजा, लोहा व अहमदपूर येथे असे राऊटर आहेत आणि त्यांमधील तार तुटली. दोघेही लगेच तशी खबर देतील, ती सर्वत्र पोहोचेल आणि नांदेडचा राऊटर लातूरसाठी दुसरी वाट धरील. १९८९ साली प्रसिद्ध झालेली ओएसपीएफ ही पद्धत याच तत्त्वावर चालते आणि आजही वापरात आहे.

१९७२ साली डायक्स्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकात एवढे नाव कमावूनही ते लेखन फाउंटन पेनानेच करीत. प्रत्येक लेखाला क्रमांक देऊन त्याच्या प्रती ते मोजक्या स्नेह्यांना पाठवीत. स्नेही आणखी प्रती काढून पुढे देत. असे तेराशेहून अधिक लेख जगभर पोहोचले. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.