'चारशे सात'मागचा माणूस : सुमंत मूळगावकर

पहाटे कांदा-टोमॅटो भरून मार्केट यार्डाकडं निघालेला '४०७' टेम्पो कुणी पाहिला नाही? ही गाडी पिंपरीत तयार झाली, तेव्हा टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे प्रमुख होते सुमंत मूळगावकर.

जन्म १९०६ चा, मुंबईचा. लंडनला इंजिनिअरिंग शिकून ते सिमेंटच्या धंद्यात आले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मशिनरी मिळेना, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रं त्यांनी इथंच बनवून घेतली. १९४९ ला ते टेल्कोत आले.

१९५४ ला जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पण नुसती जोडणी करायची नाही, एकेक भाग इथंच बनवायला शिकायचं, हे मूळगावकरांचं धोरण. १९६९ ला करार संपला, तरी ट्रक बनायचे थांबले नाहीत.

पिंपरीचं काम १९६६ ला सुरू झालं. तेव्हा तिथं उजाड माळ होता. त्यांनी आधी मशीन टूल विभाग उभा केला, पोरांना हातातलं काम शिकवलं. माळावर झाडं लावली, तळं केलं. पहिली मालवाहू गाडी बाहेर पडायला १९७७ उजाडलं. एवढी वर्षं खर्च फक्त शिकण्यावर!

परीक्षा पुढंच होती. १९८० नंतर सरकारनं दार किलकिलं केलं. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या देशी भागीदार घेऊन हलक्या ट्रकमध्ये उतरल्या. टेल्कोनं स्वतःच्या डोक्यानं १९८६ ला '४०७' आणली. आपल्या रस्त्याला आणि आपल्या ओझ्याला ती टिकली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान ही नावं आज रस्त्यावर राहिली नाहीत.

१९८९ ला मूळगावकर गेले. १९९१ ला बाजार सगळाच उघडला. १९९४ ला आलेल्या 'सुमो'त सुमंतमधला 'सु' आणि मूळगावकरमधला 'मो' आहे.

दार बंद होतं तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, हेही विसरू नये. स्पर्धा आली म्हणून माल सुधारला. पण टिकला तो, ज्यानं आधी शिकून ठेवलं होतं. आज चाकणला जर्मन कंपन्या आहेत, यंत्रमानव आहेत. आपल्या पोरांनी तिथं नुसतं हेल्पर म्हणून जायचं की हातात कसब घेऊन, हे घराघरात आत्ताच ठरवायला हवं.