हिल्डे मांगोल्ड
मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वाशीला शेजारच्या ताईच्या जीवशास्त्राच्या वहीत मला हे नाव प्रथम भेटले. १८९८ साली जर्मनीत जन्मलेल्या हिल्डेने फ्रायबर्ग येथे प्रा. हान्स स्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली, न्यूट या उभयचर प्राण्याच्या फिकट गर्भातील कणभर तुकडा गडद गर्भाच्या पोटाकडील बाजूस बसविला. तेथे दुसराच गर्भ आकारास आला! रंगांवरून उमगले, त्याचा मज्जारज्जू बहुतांशी यजमानाच्याच पेशींचा होता. पाहुण्यांनी त्यांना निरोप दिला होता. निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात शेगडीच्या भडक्याने हिल्डे गेली. वय २५, मागे तान्हे मूल. १९३५ चे नोबेल एकट्या स्पेमानांना मिळाले. नॉगिन, कॉर्डिन ही निरोप्या प्रथिने १९९० च्या दशकात हाती लागली. उत्तरपत्रिकेत स्पेमान लिहाल, तेव्हा शेजारी हिल्डेही लिहा.