सीताफळापासून कॅन्सरपर्यंत : डॉ. कमल रणदिवे

कळंब (ता. इंदापूर) : बैलाच्या शिंगाला कॅन्सर होतो, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. पण गाठ आलेल्या जनावराच्या शरीरात काय चाललंय, ते बाहेरून कसं कळणार? त्यासाठी पेशी बाहेर काढून काचेच्या बाटलीत जिवंत ठेवाव्या लागतात. ही विद्या भारतात रुजवणाऱ्यांपैकी एक बाई आपल्या पुण्याच्याच, डॉ. कमल रणदिवे.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७. माहेरचं आडनाव समर्थ, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथंच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच करावा, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही ऐकलं नाही. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितातल्या रणदिव्यांशी. एम.एस्सी. केली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, तीही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर!

लग्नानंतर मुंबईला गेल्या. टाटा मेमोरियलमध्ये काम करत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडं गेल्या. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत कायम वाढत ठेवणं १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेला पहिल्यांदा जमलं होतं.

काम सोपं नव्हे. पेशींना अंगाइतकीच, ३७ अंशांची ऊब लागते, खाद्य म्हणून खास द्रव लागतो, आणि एक जंतू शिरला की सगळी बाटली वाया. दह्याच्या विरजणाला जपावं, त्याच्या कितीतरी पट जपावं लागतं. पण फायदा मोठा. अंगात शंभर गोष्टी एकदम चालतात, बाटलीत एकेक तपासता येते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी गाठीपुढं अनेकदा ढिल्या पडतात. त्या गाठीपासून दूर केल्यावर पुन्हा कामाला लागतात का, हे असंच बघतात.

परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमलताईंनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. रोगप्रतिकारशास्त्राचं कामही तिथं सुरू केलं. स्तनाचा कॅन्सर सहज होणारे उंदीर आणि सहसा न होणारे उंदीर यांची तुलना करून त्यांनी संप्रेरकं आणि विषाणू यांचा त्या रोगाशी असलेला संबंध तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूवरही काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मात्र त्या प्रयोगशाळेतच अडकून राहिल्या नाहीत. १९७३ मध्ये सहकारी बायकांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली. नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास केला, आणि आरोग्याची माहिती गावच्या बायकांपर्यंत नेली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.